निर्दोष असणं परवडायला हवं : ध्वनिमुद्रण कंपन्यांना आणि त्यांच्या वकिलांना खुलं पत्र

ध्वनिमुद्रण कंपन्यांचे संचालक, त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी आणि त्यांच्या वतीने नोटिसा धाडणारे वकील यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फुकट गाणी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. आधीच सांगते, कारण या विषयावर कुणी तोंड उघडलं की पहिला आरोप तोच होतो. मी गाणी विकत घेते. कॅसेटच्या काळात घेतली, सीडीच्या काळात घेतली, आता महिन्याची वर्गणी भरते. गायक, वादक, संगीतकार, गीतकार आणि काचेपलीकडे बसून रात्र जागवणारा ध्वनिमुद्रक, या सगळ्यांना त्यांच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल मला तीळमात्र शंका नाही. तुमचा हक्क मला मान्य आहे. तो बजावण्यासाठी तुम्ही जी भीती वापरता, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीला, इंटरनेटवरून परवानगीशिवाय गाणी उतरवल्याच्या (डाउनलोड केल्याच्या) आणि वाटल्याच्या आरोपाची, अशी एक नोटीस आली. इंटरनेटची जोडणी तिच्या नावावर होती. पत्रात तारीख होती, मिनिट-सेकंदासकट वेळ होती, आयपी पत्त्याचे, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकाचे, आकडे होते, एका अल्बमचं नाव होतं आणि शेवटी एक रक्कम होती. अमुक दिवसांत भरा, नाहीतर दावा दाखल होईल आणि मग द्यावी लागणारी भरपाई याच्या कैक पट असेल, असा मजकूर. ती गाणी तिने उतरवली होती का? तिला स्वतःलाच सांगता येईना. घरात माणसं तीन, त्या महिन्यात पाहुणे येऊन गेलेले, वाय-फायचा पासवर्ड शेजाऱ्यांनाही ठाऊक. पण हे सगळं तिला सुचलं चार दिवसांनी. त्या रात्री तिने संगणक उघडला आणि हार्ड डिस्क कोरी करून टाकली. टॉरेंटचं, म्हणजे फायलींची देवघेव करायचं, सॉफ्टवेअर गेलं, कुठून कुठून जमवलेली गाणी गेली, पैसे मोजून घेतलेली गाणीही गेली. त्याच डिस्कवर तिच्या वडिलांनी घरी बसून गायलेली अठरा गाणी होती. वडील आता नाहीत. घाबरलेल्या माणसाला फोल्डरची नावं वाचण्याइतकी उसंत नसते.

नंतर ती वकिलाकडे गेली. वकील भला होता. तो म्हणाला, लढायचं तर लढू, तुमची बाजू वाईट नाही; पण माझी फी आणि कोर्टाचा खर्च धरला तर ते मागतायत त्यापेक्षा जास्त पैसे जातील, आणि निकाल काय लागेल ते मी लिहून देऊ शकत नाही. तिने पैसे भरले. आपण ते केलं होतं की नाही, हे तिला आजही माहीत नाही.

या एका गोष्टीवर मी इतके दिवस विचार करते आहे. तडजोडीची रक्कम लढण्याच्या खर्चाच्या खाली ठेवली की समोरचा दोषी आहे की नाही, हा प्रश्नच कुणाला सोडवावा लागत नाही. दोषी माणूसही भरतो, निर्दोष माणूसही भरतो. दोघांचा हिशोब एकच निघतो. तुमच्यापैकी कुणी हे मुद्दाम ठरवून केलं असेल किंवा नसेल. पण ते तसं चालतं, आणि चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

ही पद्धत कुठून आली ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तरी हे पत्र इतरही वाचतील, म्हणून सांगते. १९९९ मध्ये नॅप्स्टर आलं आणि कुणाच्याही संगणकातलं गाणं कुणालाही उतरवता येऊ लागलं. नॅप्स्टरकडे सगळ्या गाण्यांची यादी एका जागी असायची, त्यामुळे न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ मध्ये ते बंद पडलं. त्याच्या जागी काझासारखी जाळी आली, जिथे अशी एक मध्यवर्ती यादीच नव्हती. मग ८ सप्टेंबर २००३ ला अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी, आरआयएए या त्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने, थेट वापरणाऱ्यांवर दावे लावले. एका दिवसात २६१. त्या पहिल्याच तुकडीत न्यूयॉर्कमधली बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या घरच्यांनी २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या ६६ वर्षांच्या एका बाईंवर काझावरून गाणी वाटल्याचा आरोप होता. त्यांच्याकडे संगणक होता मॅकिंटॉश, आणि काझा त्यावर चालतच नव्हतं. तो दावा मागे घ्यावा लागला. पुढे २००५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ८३ वर्षांच्या एका आजींचं नाव दाव्यात आलं. त्या आदल्या डिसेंबरातच वारल्या होत्या.

चूक कुणाकडूनही होते. पण या चुका का झाल्या, ते समजून घेतलं पाहिजे. तुमच्या वतीने काम करणारे तपासनीस त्या जाळ्यात सामान्य वापरकर्त्यासारखे शिरायचे, कुणाच्या सामायिक फोल्डरमध्ये काय काय दिसतं त्याची पडद्यावरची छायाचित्रं घ्यायचे, त्यातली थोडी गाणी उतरवून खातरजमा करायचे आणि आयपी पत्ता व वेळ टिपून ठेवायचे. इथवर ठीक आहे. पण आयपी पत्ता सांगतो तो जोडणीबद्दल. त्या क्षणी खुर्चीत कोण बसलं होतं, ते तो सांगत नाही. पुष्कळ जोडण्यांचा पत्ता अधूनमधून बदलतो. म्हणजे घड्याळात घोटाळा झाला किंवा इंटरनेट कंपनीच्या नोंदीत एक ओळ खालीवर झाली की दुसऱ्याच घराचं दार वाजतं. पासवर्ड नसलेल्या वाय-फायबद्दल तर बोलायलाच नको. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की वाय-फाय नीट सुरक्षित न ठेवणाऱ्या मालकाला पुढचं उल्लंघन थांबवण्यासाठी जबाबदार धरता येईल, पण म्हणून तो स्वतः उल्लंघन करणारा ठरत नाही आणि त्याच्याकडून नुकसानभरपाई वसूल करता येणार नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. नोटिशीत मात्र तो कधी दिसत नाही. तिथे ‘तुम्ही’ असाच शब्द असतो. तुम्ही उतरवलं, तुम्ही वाटलं, तुम्ही भरा.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला तांत्रिक वाटेल, पण सामान्य माणसासाठी सगळ्यात मोठी आहे. कायद्यात मोठा गुन्हा धरला जातो तो वाटण्याचा, आणि कित्येकांना आपण वाटतोय हेच माहीत नसतं. काझा बसवलं की उतरवलेल्या गाण्यांचा फोल्डर आपोआप जगाला खुला व्हायचा. तो बंद करायचा तर सेटिंगमध्ये जाऊन शोधावं लागायचं. बिटटॉरेंटमध्ये तर फाइलचे तुकडे उतरत असतानाच आधी आलेले तुकडे तुमच्याकडून दुसऱ्यांना जायला लागतात. ती यंत्रणा तशीच रचलेली आहे. एक गाणं ऐकायला घेतलेला पोरगा त्याच मिनिटाला तुमच्या लेखी वितरक झालेला असतो.

नावं मिळवायची पद्धतही सुरुवातीला अशी होती की न्यायाधीशांनी प्रकरण न पाहताच, केवळ न्यायालयाच्या कार्यालयातून निघालेल्या आदेशावर इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचं नाव मागता यायचं. व्हेरायझन या कंपनीने त्याला विरोध केला आणि डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितलं की कायदा असं करू देत नाही. त्यानंतर अनोळखी व्यक्तीविरुद्ध म्हणून आधी दावा लावायचा आणि मग न्यायालयाकडून नाव मागायचं, असा लांबचा रस्ता घ्यावा लागला. लांबचा, पण मधे निदान एक न्यायाधीश तरी आला. मला त्या कंपनीचं कौतुक वाटतं. २००७ मध्ये ओरेगॉन राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकिलाने, राज्यातल्या विद्यापीठाच्या बाजूने उभं राहून विद्यार्थ्यांची नावं मागणाऱ्या आदेशाला हरकत घेतली, तेव्हाही वाटलं होतं. कारण त्याच वर्षी तुमच्या संघटनेने विद्यापीठांमार्फत विद्यार्थ्यांना दाव्याआधीची पत्रं धाडायला सुरुवात केली होती आणि पैसे भरायला एक वेबसाइट उघडली होती. क्रेडिट कार्डाचा नंबर घातला की प्रकरण मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा कायद्याशी गाठ पडलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने कायदा म्हणून हे पाहिलं.

आता आकड्यांकडे येते, कारण भीतीचं मूळ तिथे आहे.

अमेरिकेच्या कायद्यात कॉपीराइटच्या उल्लंघनाला नुकसान सिद्ध न करताही भरपाई मागता येते. एका कृतीमागे, म्हणजे इथे एका गाण्यामागे, ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलं असेल तर १,५०,००० पर्यंत. हे आकडे १९९९ च्या डिसेंबरात वाढवले गेले. नुकसान मोजता येत नाही तेव्हा हक्कदार रिकाम्या हाताने परत जाऊ नये, हा अशा तरतुदीमागचा विचार समजण्यासारखा आहे. पण धंदा म्हणून हजारो तबकड्या छापून विकणाऱ्याला जो आकडा लावायचा, तोच घरी बसून गाणी ऐकणाऱ्याला लावला की काय होतं, ते मिनेसोटातल्या एका बाईंच्या खटल्यात दिसलं. गाणी होती २४. २००७ मध्ये ज्यूरीने, म्हणजे निवाडा करायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, त्यांना २,२२,००० डॉलर भरायला सांगितले. नंतर न्यायाधीशांनीच मान्य केलं की आपण ज्यूरीला चुकीची सूचना दिली. गाणं सामायिक फोल्डरमध्ये नुसतं असणं म्हणजेच वितरण, असं सांगायला नको होतं. फेरखटला झाला. २००९ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने १९,२०,००० डॉलर ठरवले, म्हणजे गाण्यामागे ८०,०००. न्यायाधीशांनी ते अवाजवी ठरवून ५४,००० वर आणले. कंपन्यांनी ते स्वीकारलं नाही. २०१० मध्ये तिसऱ्या ज्यूरीने १५,००,००० सांगितले, न्यायाधीशांनी पुन्हा ५४,००० केले, आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पहिल्या २,२२,००० वर नेऊन ठेवलं.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाई त्याच, गाणी तीच, कृती तीच. कायद्याने पाच वर्षांत सहा वेळा किंमत सांगितली, आणि सगळ्यात लहान व सगळ्यात मोठ्या आकड्यात पस्तीस पटींहून जास्त अंतर पडलं. त्या काळी आयट्यून्सवर गाणं ९९ सेंटला मिळायचं. २४ गाण्यांचे २३ डॉलर ७६ सेंट झाले असते. त्या बाई खोटं बोलल्या, असं ज्यूरीला वाटलं असेल. तसं वाटायला कारणंही असतील. त्यांची बाजू घेण्यासाठी मी हे सांगत नाही. पण ज्या प्रकरणात न्यायाधीश, तीन ज्यूरी आणि अपील न्यायालय यांचं एका आकड्यावर एकमत होत नाही, तिथे घरी नोटीस हातात घेऊन बसलेल्या माणसाने आपल्यावर काय येऊ शकतं, याचा अंदाज कसा बांधायचा? अंदाज बांधता येत नाही म्हणून तो भरतो.

आणि लढून जिंकलेल्यांचं काय झालं, तेही पाहू. ओक्लाहोमात एका आईवर दावा होता. इंटरनेटचं खातं तिच्या नावावर होतं. ती हटली नाही. २००६ मध्ये दावा निकाली निघाला आणि २००७ मध्ये न्यायालयाने कंपन्यांना तिच्या वकिलाचा खर्च द्यायला लावला. ती रक्कम होती ६८,६८५ डॉलर. तिला ती मिळाली याचा मला आनंद आहे. पण आकडा नीट पाहा. तडजोडी काही हजार डॉलरांत व्हायच्या, आणि निर्दोष राहण्याचा खर्च इतका होता. तो परत मिळेल याची खात्री आधी कुणीच देत नव्हतं.

डिसेंबर २००८ मध्ये तुमच्या संघटनेने हे सरसकट दावे थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोवर सुमारे ३५,००० लोकांना त्याची झळ बसली होती. ज्यूरीच्या निकालापर्यंत गेलेली प्रकरणं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मग आता हे पत्र कशासाठी, असं तुम्ही विचाराल. दावे थांबले तरी भीती थांबली नाही, म्हणून. ती नोटिसांच्या रूपाने अनेक देशांत फिरते आहे, कधी तुमच्या नावाने, कधी तुमच्याकडून हक्क विकत घेतलेल्या कुणाच्या नावाने. आणि ती भीती लोकांना जे शिकवते ते तुमच्या फायद्याचं नाही. लोक लपायला शिकतात. कोणत्या व्हीपीएनने पत्ता झाकता येतो, कोणत्या बंद गटात बाहेरचा माणूस शिरू शकत नाही, हे ज्ञान आता शाळकरी मुलांनाही असतं. जो खरोखर रोज हजारो फायली फिरवतो, तो पहिल्यांदा लपला. सापडतो तो न लपलेला. म्हणजे ज्याला नियमच नीट ठाऊक नव्हते तो.

घाबरलेला माणूस स्वतःचंच नुकसान कसं करून घेतो, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. अ‍ॅरिझोनात एका गृहस्थांवर दावा होता, गाणी ५४. एप्रिल २००८ मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूचा महत्त्वाचा मुद्दा उचलून धरला होता: फाइल फोल्डरमध्ये दिसणं म्हणजे ती वाटली, असं आपोआप होत नाही. म्हणजे लढायला जागा होती. पण दाव्याची माहिती मिळाल्यावर त्यांनी संगणकावरचा पुरावा पुसला होता. त्याच कारणावरून, त्याच वर्षी, ते हरले आणि ४०,८५० डॉलरचा हुकूम झाला. माझ्या मैत्रिणीने त्या रात्री नेमकं हेच केलं होतं. तिला कुणी सांगितलं असतं की नोटीस आल्यावर काहीही पुसू नका, तर तिची बाजूही राहिली असती आणि वडिलांची गाणीही. नोटिशीत भरपाईचा आकडा ठळक अक्षरांत होता. ‘काही पुसू नका, आधी सल्ला घ्या’ ही एक ओळ छापायला किती शाई लागली असती?

मी स्वतः कधी पकडले गेले नाही. पण माझ्याकडेही सांगण्यासारखं आहे.

मला जुन्या ध्वनिमुद्रणांचा नाद आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, त्यावरचे ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारे मॅट्रिक्स क्रमांक, एकाच गाण्याची दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं, कोणत्या तबकडीवर कुणाची साथ आहे, अशा गोष्टींत मी तास घालवते. आमच्यासारखे लोक जगभर विखुरलेले आहेत. एकाकडे तबकडीची पहिली बाजू शाबूत असते, दुसऱ्याकडे दुसरी. पूर्वी आम्ही एकमेकांना फायली पाठवायचो, ऐकायचो, याद्या दुरुस्त करायचो. यातलं बहुतेक संगीत कुठेही विकत मिळत नाही. दुकानात नाही, वर्गणीवरच्या सेवेत नाही. एका ध्वनिमुद्रणासाठी मी त्याची मालकी सांगणाऱ्या कंपनीला तीनदा पत्र लिहिलं: पैसे घ्या, पण अभ्यासासाठी एक प्रत द्या, किंवा आमच्यातल्या एकाकडे असलेली प्रत वाटून घ्यायची परवानगी द्या. उत्तर आलं नाही. नकारही नाही. कदाचित तिथल्या कुणालाच माहीत नसेल की ही वस्तू आपली आहे.

आमची ही देवघेव आता जवळजवळ बंद पडली आहे. कुणावर दावा झाला म्हणून नाही. होईल या धाकाने. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी इंटरनेट आर्काइव्हवर दावा लावला. इंटरनेटवरच्या या ना-नफा ग्रंथालयाने ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं अंकीय रूप जतन करून लोकांना ऐकायला ठेवलं होतं. दाव्यात सुरुवातीला २,७४९ ध्वनिमुद्रणं होती; गाण्यामागे दीड लाख धरले तर ४१ कोटी २० लाख डॉलरांच्या पुढे मजल जाते. २०२५ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. तुमचं म्हणणं होतं की त्यातली प्रसिद्ध गाणी तुमच्याच सेवांवर ऐकायला मिळतात, मग ती तिथे फुकट कशाला. या म्हणण्यात तथ्य आहे. पण दाव्याचा आवाज गेला तो त्या प्रसिद्ध गाण्यांच्या पलीकडे, कपाटात एकुलती एक तबकडी ठेवून बसलेल्या वृद्ध संग्राहकापर्यंत. त्याने ती अंकीय करायचं रद्द केलं. तबकडी लाखेची असते. पडली की संपली.

कायदा कळायला सोपा असता तरी बरं. एकाच फाइलमध्ये दोन हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, आणि त्या ध्वनिमुद्रणाचा दुसरा. दोन्हींचे मालक वेगळे, मुदत वेगळी, देशागणिक नियम वेगळे. अमेरिकेत १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणं कितीतरी वर्षं राज्याराज्यांच्या कायद्यांत अडकलेली होती. २०१८ मध्ये कायदा बदलला आणि १९२३ पूर्वीची सगळी ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला मुक्त झाली. ती तारीख आम्ही सणासारखी साजरी केली. निदान तेवढ्यापुरतं तरी कुणालाही ‘हो, हे चालेल’ असं छातीवर हात ठेवून सांगता येत होतं.

तुमचं नुकसान झालं नाही, असं मी म्हणणार नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताची विक्री सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती आणि पंधरा वर्षांत ती निम्म्याच्याही खाली आली. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, छोट्या कंपन्या बुडाल्या, कितीतरी कलाकारांचे अल्बम निघालेच नाहीत. त्यामागे फायलींची फुकट देवघेव हे एक मोठं कारण होतं, असं मला वाटतं. अर्थतज्ज्ञांत यावर वाद आहेत, पण मला वाटतं. तरी घसरण थांबली ती कशाने? २००३ च्या एप्रिलमध्ये आयट्यून्सचं दुकान उघडलं आणि सुटं गाणं रास्त किमतीत मिळायला लागलं. पुढे वर्गणीवर हवं ते ऐकता यायला लागलं, आणि २०१४ नंतर जगभरातलं उत्पन्न पुन्हा वाढू लागलं. दाव्यांची मोहीम त्याच्या सहा वर्षं आधीच थांबली होती. माणसाला सरळ रस्ता दाखवला की बहुतेक माणसं त्याच रस्त्याने जातात. मी स्वतः तशीच गेले.

तुमच्याकडे मागणं फार मोठं नाही, आणि ते अशक्यही नाही, कारण काही देशांनी ते करून दाखवलं आहे. कॅनडाने २०१२ मध्ये ठरवलं की व्यापारी हेतू नसलेल्या उल्लंघनाला अशी ठराविक भरपाई १०० ते ५,००० डॉलर, आणि तीही गाण्यामागे नव्हे, दाव्यातल्या सगळ्या गाण्यांची मिळून. तिथे इंटरनेट कंपनी नोटीस ग्राहकाकडे पोचवते, पण त्याचं नाव न्यायालयाच्या आदेशाशिवाय देत नाही. आणि २०१८ मध्ये त्यांनी अशा नोटिशीत पैशांची मागणी घालायलाच बंदी केली. जर्मनीत वकिलांच्या नोटिसांचा सुळसुळाट झाला तेव्हा २०१३ मध्ये कायदा करून पहिल्या खेपेच्या खाजगी व्यक्तीसाठी वकिलाची फी मोजताना दाव्याची रक्कम १,००० युरोच धरायची, असं बंधन घातलं. फ्रान्समध्ये २००९ साली सरकारी यंत्रणेला थेट घराचं इंटरनेट तोडायचा अधिकार देणारा कायदा आला, तेव्हा तिथल्या घटना परिषदेने, म्हणजे कायदा घटनेला धरून आहे का ते तपासणाऱ्या संस्थेने, सांगितलं की हे न्यायाधीशाशिवाय करता येणार नाही, आणि माणूस निर्दोष आहे असं आधी धरायला हवं.

तुम्हाला कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. पहिल्या पत्रात पैसे मागू नका. काय दिसलं, कधी दिसलं, कसं टिपलं ते साध्या भाषेत सांगा, आणि काय माहीत नाही तेही सांगा. म्हणजे संगणकावर कोण होतं ते आम्हाला माहीत नाही, हे लिहा. उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्या आणि उत्तर वाचायला एक माणूस ठेवा. ज्याने काही विकलं नाही, कमावलं नाही, त्याच्याकडून मागायची रक्कम गाण्याच्या किमतीशी काही नातं सांगेल अशी असू द्या. आजवर तडजोडींतून किती पैसे आले आणि त्यातले गायक-वादकांच्या हातात किती पडले, तो हिशोब खुला करा. आणि जी ध्वनिमुद्रणं तुम्ही विकत नाही, विकण्याचा विचारही नाही, त्यांची यादी जाहीर करून सांगा की अभ्यासासाठी, जतनासाठी कुणी ती एकमेकांना दिली तर आम्ही कुणावर दावा लावणार नाही. याने तुमचा एक पैसा बुडणार नाही.

वाटलं तर मला चूक ठरवा. पण उत्तर द्या. पूर्वीच्या तीन पत्रांसारखं याचं होऊ देऊ नका.

शेवटी, त्या अठरा गाण्यांबद्दल. मागच्या वर्षी माझ्या जुन्या मेलमध्ये काहीतरी शोधताना त्यातली अकरा मला सापडली. वडील असतानाच तिने मला ती कौतुकाने पाठवली होती आणि मी विसरले होते. पाच त्यांच्या स्वतःच्या चाली आहेत. सहा गाणी प्रसिद्ध संगीतकारांची आहेत. त्यांच्या चालींचे हक्क बहुधा तुमच्यापैकीच कुणाकडे असतील. मी लगेच तिला मेल लिहायला घेतला, फायली जोडल्या आणि पाठवायच्या बटणापाशी माझा हात थांबला. मीच इतकं सगळं वाचलेलं, तरी थांबला. शेवटी अकराही गाणी पेन ड्राइव्हवर घातली आणि स्वतः जाऊन तिच्या हातात दिली. तिने तो संगणकाला लावण्याआधी उठून वाय-फाय बंद केलं, आणि मग वडिलांचा आवाज ऐकला.

आपली,
एक श्रोती